सुतक नसलेले दुःख

घरात मृत्यू झाला म्हणजे काय करावयाचे, याविषयी आपल्या समाजाने एक पक्की वहिवाट घालून दिली आहे. त्या घरची चूल पेटत नाही, शेजारून पिठले-भात येतो. दहा दिवस सुतक पाळले जाते, आणि त्या दिवसांत नात्यागोत्यातली, आळीतली, कचेरीतली माणसे एकेक करून ‘भेटायला’ येतात, फारसे न बोलता सतरंजीवर बसतात आणि उठताना ‘येतो’ असे न म्हणता निघून जातात. या आचारांतील धर्मशास्त्राचा भाग बाजूला ठेवला तरी, दुःखी माणसाला एकटे टाकावयाचे नाही आणि काही दिवस त्याच्याकडून कसलीही अपेक्षा करावयाची नाही, एवढे शहाणपण त्यांत निश्चित आहे. परंतु ज्या दुःखात मृत्यू झालेला नसतो, कारण जन्मच झालेला नसतो, त्या दुःखासाठी अशी कोणतीही वहिवाट आपल्यापाशी नाही. मूल हवे असून ज्यांना होत नाही त्यांची आशा महिन्याच्या महिन्याला संपते, आणि ती संपली त्याच दिवशी त्यांना कामावर रुजू व्हावे लागते, सणाला सासरी जावे लागते, जावेच्या डोहाळजेवणात पंगतीला हसतमुखाने वाढावे लागते. अशा जोडप्याला आजवर आधार कोठून मिळत आला, आज कोठून मिळतो आणि तो कितपत पुरतो, याचा हा आढावा आहे. आयुष्याची सहा वर्षे मी स्वतः या प्रश्नात काढली असल्यामुळे तो तटस्थपणाने घेणे मला शक्य नाही, आणि तशी इच्छाही नाही.

प्रश्नाचा विस्तार प्रथम ध्यानात घ्यावा. बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ, कोणतेही संततिनियमन न करता, नियमित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा होत नसेल तर त्या अवस्थेस वैद्यक वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला त्यानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे ढोबळ मानाने दर सहा माणसांत एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो, आणि श्रीमंत व गरीब देशांत या प्रमाणाचे अंतर फारच थोडे आहे. बीज वेळेवर न सुटणे, गर्भनलिका बंद असणे, गर्भाशयाचे अस्तर भलतीकडे वाढणे, शुक्रजंतूंची संख्या किंवा गती कमी पडणे, अशी कारणे सर्वत्र आढळतात. आपल्या देशात त्यांच्या जोडीला क्षयरोग आहे, जो जननेंद्रियांत शिरून कसलीही कुरकुर न करता नलिका निकामी करतो. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणासह, असतेच. असे असून भाषेने मात्र सगळा भार एकाच बाजूला टाकला आहे. ‘वांझ’ आणि ‘वांझोटी’ हे शब्द बाईच्या तोंडावर फेकण्यासाठी घडलेले आहेत. पुरुषासाठी जो ‘निपुत्रिक’ हा शब्द आहे तो वारसाच्या दाव्यात आणि दस्तऐवजात मानाने वावरतो, आणि त्याला पुत्र नाही एवढेच सांगतो, त्याच्या शरीरात काही उणे आहे असे सुचवीत नाही.

आधाराचे पहिले ठिकाण म्हणजे घर, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे सर्वांत अधिक निराशा करणारे ठिकाणही तेच. माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीला आम्ही सारी भावंडे ताईआत्या म्हणत असू. लग्नानंतर नऊ वर्षे वाट पाहून १९४४ साली तिच्या यजमानांनी दुसरी बायको आणली. पुढे दोनच वर्षांनी मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला पहिली पत्नी असताना दुसरा विवाह करण्यास मनाई करणारा कायदा झाला. तो दोन वर्षे आधी झाला असता तर आत्याचे आयुष्य कसे गेले असते, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. सवतीची चारही मुले तिने वाढवली. घरात कोणाचे डोहाळजेवण असले की पहाटे चारला उठून पुरण वाटणारी तीच, आणि ओटी भरण्याची वेळ झाली की, कोणी ‘जा’ असे न म्हणताही, पदराला हात पुसत स्वयंपाकघरात परतणारीही तीच. तिला कोणी छळले नाही, कोणी टाकून बोलले नाही. ती बाहेर का येत नाही, असे विचारलेही मात्र कोणी नाही.

आजच्या घरात सवत येत नाही. उपदेश येतो. ‘काही विशेष?’ या चौकशीने त्याचा प्रारंभ होतो आणि ओळखीचे वैद्य, अमक्या गावचे औषध, तमक्या डॉक्टरांचा हातगुण या मार्गाने तो अखेर एका वाक्यापाशी येऊन थांबतो : ‘तू ताण घेणे सोड, म्हणजे आपोआप होईल.’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. तथापि ते खरे नाही. जॅकी बोइव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा अभ्यासांचा, ३,५८३ स्त्रियांच्या नोंदींचा, एकत्रित विचार करून दाखविले की उपचारापूर्वीच्या चिंतेचा व उदासीनतेचा त्या खेपेच्या यशापयशावर परिणाम होत नाही. अर्थात ज्या बाईला गर्भ राहिला नाही तिला, ‘तू घाबरलीस म्हणून असे झाले’ असे सांगणे म्हणजे तिच्या दुःखावर अपराधाची भर घालणे होय. मन खचते हे खरे, परंतु ते कारण नसून परिणाम आहे. अ‍ॅलिस डोमर यांनी १९९३ मध्ये वंध्यत्वाच्या उपचारांसाठी येणाऱ्या स्त्रियांची तुलना इतर रुग्णांशी केली, तेव्हा त्यांच्यातील चिंता आणि विषण्णता कर्करोगाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांइतकीच आढळली. कर्करोग झालेल्या माणसाला मात्र आपण ताण घेऊ नकोस म्हणून बरे होण्याची हमी देत नाही.

घरानंतर देव. नवसाची जी थट्टा सुशिक्षितांकडून होते तीत मला भाग घेववत नाही. देवळाच्या खांबाला बांधलेला लाकडी पाळणा, पिंपळाच्या प्रदक्षिणा, त्र्यंबकेश्वरी तीन दिवस चालणारा नारायण-नागबळीचा विधी, यांनी गर्भ राहतो असा दाखला कोणी देऊ शकणार नाही. परंतु जिला घरात बोलायला जागा नव्हती तिला या निमित्ताने उंबरठ्याबाहेर पडता आले, आणि पारावर आपल्यासारखीच दुसरी एखादी भेटली, ही गोष्ट लहान नव्हे. जात्यावरच्या ओव्यांतही वांझपणाचे दुःख बोलले गेले, आणि ते पहाटेच्या अंधारात, दळणाच्या आवाजाआड, दुसऱ्या बाईच्या कानी पडले. दोष आहे तो नवस फळला नाही म्हणजे पूर्वजन्मीचे पाप आणि पितरांचा कोप यांचा जो हिशेब उघडला जातो त्यात. कारण तो हिशेब प्रत्येक वेळी बाईच्याच नावे मांडला जातो.

तिसरा मार्ग दत्तकाचा. आपल्या इतिहासात या विषयाने राज्येच्या राज्ये हलविली आहेत. साताऱ्याचे शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज १८४८ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने नामंजूर केले आणि राज्य खालसा झाले. पुढे तोच न्याय झाशीला लागला. या सर्व प्रकरणांत दत्तकाचा संबंध गादीशी, पिंडदानाशी आणि वारसाहक्काशी होता; पाळण्याशी तो क्वचितच होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी त्याला निराळे वळण दिले. मूल नाही म्हणून दुसरे लग्न करावे, असा आग्रह झाला असता, दोष पुरुषातही असू शकतो आणि तसे असल्यास बायकोने दुसरा नवरा केलेला चालेल काय, असा प्रश्न जोतीरावांनी केल्याची हकीकत त्यांच्या चरित्रात येते. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्याबरोबर रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला. ज्यांना संततिहीन म्हणून हिणविले गेले त्या जोडप्याचे हे घर मला महाराष्ट्रातील सर्वांत भरलेल्या घरांपैकी एक वाटते.

१९५६ च्या कायद्याने हिंदूंना मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारातील ‘श्रीवत्स’सारख्या संस्थांतून कितीतरी मुले घरी गेली, आज मात्र केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नाव नोंदविलेल्या जोडप्यांना लहान बाळासाठी तीन वर्षांहून अधिक काळ तिष्ठावे लागते. म्हणून ‘दत्तक घ्या की!’ हा शब्द वाटतो तितका सोपा नाही. शिवाय दत्तक मूल हे न झालेल्या मुलाच्या जागी बसविण्याचे नसते. पहिल्या दुःखाला वाट मिळाल्यावाचून दुसरे मूल कडेवर घेणे हा त्या मुलावरच अन्याय होय.

आता वैद्यकाकडे वळतो. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जगातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ लुईस ब्राउन जन्मली, आणि अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली. शासनाने नेमलेल्या समितीने मुखोपाध्यायांचा दावा फेटाळला, त्यांची बदली झाली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. ही शोकांतिका पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्यातील एका बाजूकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. मुलीच्या आईवडिलांना समाजाच्या भीतीने पुढे येता येईना. त्या मुलीने स्वतःची ओळख जाहीर केली ती पंचविसाव्या वर्षी. म्हणजे ज्या डॉक्टरला एका साक्षीदाराची नितांत गरज होती, त्याच्यापासून तो साक्षीदार हिरावून नेला तो वंध्यत्वाच्या लाजेने. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा चावडाचा जन्म झाला तेव्हा त्याची नोंद रीतसर झाली. त्या कामातील त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांची कागदपत्रे तपासून पहिलेपणाचा मान त्यांचा आहे असे जाहीरपणे मान्य केले, याबद्दल त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे. २०१६ मध्ये हर्षा स्वतः आई झाली, तीही डॉ. हिंदुजांच्याच हातून.

आज जिल्ह्याच्या गावीही ‘टेस्ट ट्यूब बेबी सेंटर’च्या पाट्या दिसतात. या पाट्यांवर गुटगुटीत बाळांची चित्रे असतात. बहुतेक खेपा अपयशी ठरतात, हे पाटीवर नसते. एका खेपेचा खर्च मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला कर्जात लोटण्याइतका असतो, आणि विमा पॉलिसीच्या प्रमाणित अपवर्जनांच्या यादीत सतराव्या क्रमांकावर वंध्यत्व नमूद आहे. गोवा सरकारने २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार विनामूल्य सुरू केले. ही तजवीज इतरत्रही व्हावयास हवी. त्याआधी २०२१ च्या सहाय्यित पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्याने स्त्रीला एकवीस ते पन्नास आणि पुरुषाला एकवीस ते पंचावन्न अशी वयोमर्यादा घातली, तक्रारींसाठी कक्ष सक्तीचा केला, आणि यशाची शक्यता, खर्च, धोके व दत्तकाचा पर्याय यांविषयी जोडप्याला व्यावसायिक समुपदेशन देण्याचे बंधन दवाखान्यांवर टाकले. कलम चांगले आहे. मी ज्या दवाखान्यात जात असे तेथे, या कायद्याच्या कितीतरी आधी, समुपदेशन म्हणजे फीच्या तक्त्याखाली घ्यावयाची सही होती. आता कायद्यानंतर तरी ते सहीपुरते उरू नये, एवढीच माझी इच्छा.

खरा आधार मला त्या दवाखान्याच्या बाकावर मिळाला. प्रतीक्षागृहात आम्ही बायका प्लॅस्टिकच्या फायली मांडीवर घेऊन, एकमेकींची नजर चुकवून बसत असू. एकदा माझ्या शेजारी कोरेगावहून पहाटेच्या एसटीने आलेली एक बाई होती. पायांशी बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेला डबा, त्यात इंजेक्शने. रोज इंजेक्शन टोचायला पुण्याला येणे परवडत नाही म्हणून ती स्वतःच टोचून घ्यायला शिकली होती. माझ्या हातातली नवी चिठ्ठी तिने पाहिली आणि कसलीही ओळख नसताना म्हणाली, ‘घाबरू नका ताई. पोटाची चिमट अशी धरायची, सुई सरळ घालायची, आणि औषध सोडून झालं की दहा आकडे मोजायचे, मगच बाहेर काढायची. फ्रिजमधलं लगेच घेऊ नका, आधी हातात धरून ऊब द्या, नाहीतर फार झोंबतं.’ मग तिने फाइल उघडून आपल्या तीन खेपा दाखविल्या : कितवी सोनोग्राफी, किती फॉलिकल, अस्तर किती, ट्रान्सफर कधी, आणि शेवटी ‘चिकटलं नाही’ या दोन शब्दांत तिन्हींचा निकाल. दोन वर्षांत माझ्याशी कोणी असे बोलले नव्हते. डॉक्टर शरीराविषयी बोलत, घरची माणसे नशिबाविषयी; ही बाई माझ्या उद्याच्या सकाळविषयी बोलत होती.

माझ्या या अनुभवाला अभ्यासाचाही पुरावा आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बार्बरा एक मेनिंग या परिचारिकेने, स्वतः या दुःखातून जात असताना, १९७४ मध्ये ‘रिझॉल्व्ह’ ही संस्था काढली. चार समदुःखी माणसांनी एकत्र बसून बोलावे, एवढ्याच कल्पनेतून ती उभी राहिली आणि देशभर पसरली. मानसिक आधाराच्या निरनिराळ्या प्रकारांचा आढावा घेताना २००३ मध्ये बोइव्हन यांना असे आढळले की केवळ भावना मोकळ्या करावयास लावणाऱ्या समुपदेशनापेक्षा, माहिती आणि प्रत्यक्ष कौशल्ये शिकविणारे समूह अधिक उपयोगी पडतात. कोरेगावच्या बाईंना हे कोणी सांगण्याची गरज पडली नव्हती.

आपल्याकडे अशी परंपरा नव्हतीच, असे मात्र कोणी समजू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकट्याच्या बळावर चालविले, आणि त्यातील वाचकांच्या प्रश्नोत्तरांत, ज्या गोष्टी सख्ख्या भावालाही विचारता येत नव्हत्या त्या नाव न सांगता विचारण्याची सोय मराठी माणसाला प्रथम झाली. एकाचा प्रश्न छापून आला की तो मनात दाबून ठेवलेल्या दुसऱ्या अनेकांना आपण एकटे नाही हे समजे. आणि हाच तर समदुःखाच्या आधाराचा गाभा आहे. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. कर्वे संततिनियमनाचे पुरस्कर्ते आणि स्वेच्छेने निरपत्य राहिलेले गृहस्थ. तरीही ज्याला मूल हवे आहे आणि होत नाही त्याच्यासाठी त्यांनी दाखविलेली वाट तीच आहे : विचारण्याची लाज नाहीशी करणे.

पुरुषांसाठी मात्र अशी वाट जवळजवळ कोठेच नाही. प्रतीक्षागृहात ते दाराबाहेर मोटारसायकलीजवळ उभे असतात. वीर्यतपासणीचा कागद चारपदरी घडी घालून खिशात जातो आणि घरी पुष्कळदा बायकोच सांगते की दोष माझ्यात आहे. हे खोटे ती प्रेमाने बोलते. परंतु त्याची किंमत दोघेही मोजतात, कारण त्या दिवसापासून त्याला स्वतःच्या दुःखाचा उच्चार करण्याचा अधिकारच उरत नाही. माझ्या यजमानांनी या विषयावर प्रथम तोंड उघडले ते सगळे उपचार थांबवून तीन वर्षे लोटल्यावर, तेही प्रवासात, काळोखात, बसच्या खिडकीकडे पाहत.

आणि जे थांबतात त्यांचे काय? उपचारांच्या यशाच्या कहाण्या सर्वत्र सांगितल्या जातात; जे मूल न होता या वाटेवरून परतले त्यांची हकीकत कोणी विचारीत नाही, जणू त्यांनी नेट धरला नाही. इंग्लंडमध्ये जोडी डे यांनी २०११ मध्ये ‘गेटवे विमेन’ नावाने अशा स्त्रियांना एकत्र आणण्यास आरंभ केला. ‘मूल झाले नाही, आता पुढचे आयुष्य कसे जगावयाचे’ हाच तेथील विषय. मराठीत या अवस्थेला अजून नावही नाही, आणि आढाव्यात मला सर्वांत मोठी उणीव जाणवते ती हीच.

आमची शेवटची खेप सहाव्या वर्षी झाली. बारा दिवसांनी दवाखान्यातून फोन आला, ‘निगेटिव्ह आहे’, आणि मी तो ठेवून शाळेत गेले, तिसरीचे दोन तास घेतले. कोरेगावच्या बाईंचा मुक्काम तेव्हा कात्रजला बहिणीकडे होता. निकालाचा दिवस त्यांना ठाऊक होता. संध्याकाळी दार वाजले. हातात स्टीलचा डबा घेऊन त्या उभ्या होत्या. मी काही विचारण्याआधीच त्यांनी चपला काढल्या, आत आल्या, डबा ओट्यावर ठेवला आणि सतरंजी पसरून भिंतीला टेकून बसल्या. डब्यात पिठले आणि भात होता.

‘भेटायला आले, ताई,’ त्या म्हणाल्या.

रात्री निघताना त्या ‘येते’ म्हणाल्या नाहीत.